आधी तापमान, मग ऑक्सिजन

प्रश्न एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "बटू अनियमित (लहान, ठरावीक आकार नसलेल्या) दीर्घिकांमध्ये जिथे तारे जन्मतात त्या मेघांत धातू कमी असतात, असं सगळीकडे वाचते. पण 'कमी' म्हणजे किती हे बघायला गेलं की एकाच दीर्घिकेचे दोन शोधनिबंधांत दोन आकडे मिळतात. कुठला धरायचा? धातू कमी म्हणजे दीर्घिका तरुण, असं म्हणता येईल का? आणि प्रकल्पासाठी एनजीसी ६८२२ ही बटू दीर्घिका घेतली तर चालेल का?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही', शेवटच्याचं 'हो, पण पावसाळा बघून'. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा बसावं लागेल. ज्याला आपण रासायनिक प्रमाण म्हणतो ते मेघातून थेट मिळतच नाही. मिळतं ते तापमान. प्रमाण त्यातून काढावं लागतं, आणि बहुतेक भांडणं तापमानाचीच असतात.

आधी आकड्याची भाषा. आमच्या धंद्यात हेलियमच्या पुढचं सगळं 'धातू', ऑक्सिजनसुद्धा. रसायनवाल्यांनी रागावू नये. ऑक्सिजन हायड्रोजनच्या किती, याचा लॉगॅरिथम काढून त्यात १२ मिळवायचे, की तो ८.६९, ८.१, ७.१७ असा आकडा येतो. मला स्वतःला एक लाख हायड्रोजन अणूंमागे किती ऑक्सिजन, असं धरलं की चित्र दिसतं. सूर्यात ४९. मोठ्या मॅगेलनी मेघात पंचवीसच्या आसपास, लहान मॅगेलनी मेघात दहा (नावात मेघ असला तरी या दोन्ही शेजारच्या दीर्घिकाच). एनजीसी ६८२२ मध्ये बारा-तेरा. आय झ्विकी १८ आणि लिओ पी या दोघींत दीड. २०१८ साली इझोटोव्ह आणि सहकाऱ्यांनी मोजलेल्या जे०८११+४७३० या दीर्घिकेत एकसुद्धा पुरा नाही.

आता 'सूर्याच्या एक पन्नासांश' असं आय झ्विकी १८ बद्दल वाचलं असेल, आणि दुसरीकडे 'एक तेहतिसांश'. दोन्हींमागे दीर्घिकेचं मोजमाप जवळपास तेच आहे. मधल्या काळात सूर्याचा ऑक्सिजन ८.९३ वरून ८.६९ वर आला. दीर्घिका होती तिथेच आहे, बदलला तो सूर्य. म्हणून टक्केवारी कधीच उतरवून घेऊ नका, मूळ आकडा घ्या.

सगळे ऑक्सिजनच का मोजतात? हायड्रोजन आणि हेलियमनंतर तोच सगळ्यात जास्त, आणि मेघात तो ज्या दोन रूपांत असतो ती दोन्ही दृश्य प्रकाशाच्या टापूत वर्णपटातल्या रेषा म्हणून दिसतात. एक इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ३७२६ आणि ३७२९ अँगस्ट्रॉमला (हे प्रकाशलहरीची लांबी मोजायचं एकक), जांभळ्याच्या पार कडेला. दोन गमावलेला ४९५९ आणि ५००७ ला, हिरव्या टापूत. या हिरव्या रेषा विल्यम हगिन्सना १८६४ मध्ये एका ग्रहीय तेजोमेघात दिसल्या. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी त्या जुळेनात, म्हणून पुढे 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पून लोक मोकळे झाले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच आहे, फक्त इतक्या विरळ ठिकाणी की प्रयोगशाळेत ज्या उड्या मारायला अणूला उसंत मिळत नाही त्या तो इथे निवांत मारतो.

(हेलियमची गोष्ट अशीच, फक्त तिथे मूलद्रव्य खरंच नवं निघालं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची पट्टी विजयदुर्गावरून गेली होती आणि हेलियम इथेच सापडला असं सांगत किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आजही दाखवतात. पण ज्यांना श्रेय देतात त्यांपैकी फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते, आणि इंग्रज खगोलज्ञ लॉकयर यांनी हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. कोकणातल्या मित्रांना हे सांगितलं की चहा मिळत नाही.)

आता मुद्द्याची गोष्ट. मेघ तापतो तो मधल्या ओ आणि बी वर्गाच्या, म्हणजे अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने. थंड कसा होतो? सुटे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या आयनांना (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना) धडकतात, आयन उत्तेजित होतो, ५००७ चा फोटॉन सोडतो आणि तो फोटॉन ती ऊर्जा घेऊन मेघाबाहेर निघून जातो. माठाचं पाणी पाझरून वाफ होऊन जातं म्हणून आतलं गार राहतं, तसंच. माठाची छिद्रं बुजली की पाणी कोमट. ऑक्सिजन ही या मेघाची छिद्रं आहेत. म्हणून धातू कमी असलेला मेघ जास्त गरम असतो: सूर्याइतके धातू असलेल्या मेघाचं तापमान सहा-सात हजार केल्व्हिन, एनजीसी ६८२२ मध्ये बारा हजारांच्या आसपास, आय झ्विकी १८ मध्ये वीस हजारांच्या जवळ.

यातली गोम अशी की ५००७ ची रेषा ठळक दिसली म्हणजे ऑक्सिजन भरपूर, असं मुळीच नाही. ऑक्सिजन थोडा पण इलेक्ट्रॉन तापलेले, तरी रेषा ठळक येते. तेव्हा तापमान वेगळं कळायला हवं. त्यासाठी त्याच आयनाची दुसरी एक रेषा आहे, ४३६३ अँगस्ट्रॉमची. ती वरच्या पायरीवरून सुटते, म्हणजे ती पेटवायला जास्त जोराची धडक लागते. दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की ऑक्सिजन किती हा प्रश्न कटतो आणि उरतं निव्वळ तापमान. दहा हजार केल्व्हिनला ४९५९ आणि ५००७ मिळून ४३६३ च्या दोनशेपटीहून थोड्या जास्त असतात, पंधरा हजारला सत्तरपट, वीस हजारला चाळीसपट. घनतेसाठी गंधकाच्या ६७१७ आणि ६७३१ च्या जोडीचं गुणोत्तर बघतात. या मेघांत ती सहसा घनसेंटिमीटरला शंभराच्या आसपास किंवा खाली असते आणि फार त्रास देत नाही.

त्रास देते ती ४३६३. बारा हजार केल्व्हिनच्या मेघात ती तुम्ही वीस टक्के जास्त मोजलीत, तर तापमान सात टक्क्यांनी वर जातं आणि ऑक्सिजन १५ ते २० टक्क्यांनी खाली येतो. आणि ती जास्त मोजणं फार सोपं आहे. शेजारी २३ अँगस्ट्रॉमवर हायड्रोजनची ४३४० ची रेषा उभी. त्याच बाजूला, आणखी जवळ, ४३५८ वर पाऱ्याची रेषा, रस्त्यावरच्या जुन्या पाऱ्याच्या दिव्यांची. दूरच्या दीर्घिकेत लाल-सृतीमुळे (दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या रेषा लालकडे सरकतात) दोघी वेगळ्या होतात. पण एनजीसी ६८२२ आपल्याकडे सेकंदाला ५७ किलोमीटरने येतेय, म्हणजे तिची ४३६३ जेमतेम एका अँगस्ट्रॉमने त्या पाऱ्याकडेच सरकते. वर्णपटाचं विभेदन दहा अँगस्ट्रॉम असेल, म्हणजे त्याहून जवळच्या रेषा वेगळ्या दिसत नसतील, तर खेड्यातला रस्त्यावरचा दिवा आणि सोळा लाख प्रकाशवर्षांवरचा ऑक्सिजन एकाच टेकडीत मिसळतात. पार्श्वभूमी वजा करताना जरा चुकलात की गेलं. हल्ली पाऱ्याचे दिवे गेले आणि एलईडी आले. रेषा गेली, पण ४५०० च्या आसपास निळा फुगवटा आला. असो.

माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती तुमच्या प्रकल्पात होण्यासारखी आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी दक्षिणेकडे झुकलेल्या एका बटू दीर्घिकेतला छोटा, घट्ट मेघ घेतला होता. शेजारचा दुसरा मेघही एकाच स्लिटमध्ये (वर्णपटासाठी प्रकाश आत घेणाऱ्या अरुंद फटीत) बसावा म्हणून मी स्लिट पूर्व-पश्चिम ठेवली. एका फेरीत दोन कामं. वर्णपट छान आला. आकडे काढले तर नायट्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण इतरांच्या दीडपट! नायट्रोजनने समृद्ध मेघ सापडला म्हणून मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी गाईडनी आलेख बघितला, चहाचा कप खाली ठेवला आणि एकच विचारलं, "स्लिट कुठल्या कोनात होती?"

वस्तू क्षितिजाकडे झुकलेली असली की वातावरण लोलकासारखं वागतं. चाळीस अंशांच्या उंचीवर ३७२७ चा प्रकाश आणि ६५६३ चा प्रकाश यांत जवळजवळ दोन आर्कसेकंदांचं (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतर पडतं. मध्यान्हवृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, हे सरकणं उत्तर-दक्षिण होतं. माझी स्लिट पूर्व-पश्चिम, रुंदी दीड आर्कसेकंद. लाल टापूतला नायट्रोजन स्लिटच्या आत, जांभळा ऑक्सिजन अर्धा बाहेर. नायट्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण आपण ६५८४ आणि ३७२७ या दोन टोकांच्या रेषांवरूनच काढतो. मी मेघात नायट्रोजन शोधला नव्हता, पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन हरवला होता. तेव्हापासून दुसऱ्याचा निबंध हातात आला की मी आधी निरीक्षणांच्या तक्त्यात स्लिटचा कोन बघतो, निष्कर्ष नंतर.

आता तुमचे दोन आकडे. एनजीसी ६८२२ मधला सगळ्यात झगझगीत मेघ 'हबल पाच', सुमारे दोनशे प्रकाशवर्षं रुंद. ४३६३ वरून तापमान काढलं की तिथला ऑक्सिजन ८.१ च्या आसपास येतो, आणि या दीर्घिकेतल्या इतर मेघांचाही तिथेच घोटाळतो. पण २००५ मध्ये मेक्सिकोच्या पेइम्बर्ट मंडळींनी चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरून याच मेघात ऑक्सिजनच्या पुनर्संयोगाच्या रेषा मोजल्या. इलेक्ट्रॉन आयनाला पुन्हा चिकटताना सुटणाऱ्या या रेषा अत्यंत फिक्या, पण तापमानाची त्यांना फारशी फिकीर नसते. त्यांतून आकडा आला ८.४ च्या आसपास. तोच मेघ, दुप्पट ऑक्सिजन.

यात गणिताची चूक कुणाचीच नाही. मॅन्वेल पेइम्बर्ट १९६७ पासून सांगत आले आहेत की मेघ सगळीकडे सारखा गरम नसतो. ४३६३ ला जोराची धडक लागते, म्हणून ती गरम कोपऱ्यांतच जास्त पेटते. तिच्यावरून काढलेलं तापमान सरासरीच्या वर येतं आणि ऑक्सिजन त्या मानाने खाली. २०२३ मध्ये मेंडेझ-डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मेघांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की ही असमानता मुख्यतः मेघाच्या आतल्या, जास्त आयनीभूत भागात असते. माझा कल याच बाजूला आहे, पण सगळे सहकारी मानत नाहीत. ताऱ्यांना विचारून निकाल लावावा म्हटलं, तर २००१ मध्ये याच दीर्घिकेतल्या ए वर्गाच्या दोन महाराक्षसी ताऱ्यांचा ऑक्सिजन ८.३६ आला, पण अनिश्चितता एवढी की वाद मिटला नाही.

तिसरा प्रकारही तुम्हाला भेटेल: ४३६३ दिसलीच नाही म्हणून ठळक रेषांच्या बेरजेवरून लावलेला अंदाज. यातल्या जुन्या पद्धतीत, १९७९ पासून चालत आलेल्या, ३७२७ आणि ५००७ वगैरे मिळवून हायड्रोजनच्या ४८६१ ने भागतात. पण धातू वाढले की ही बेरीज आधी वाढते आणि मग, मेघ गार होत गेल्याने, उतरते. म्हणजे एकाच बेरजेला दोन उत्तरं. आणि वळण नेमकं ८ च्या थोडं वर, जिथे आपल्या बऱ्याच बटू दीर्घिका बसलेल्या असतात. या पद्धतींचे आकडे एकमेकांपासून पाचपट लांब गेलेले आहेत. तेव्हा नियम साधा ठेवा: एका पद्धतीचे आकडे त्याच पद्धतीच्या आकड्यांशीच ताडून बघायचे. थेट ४३६३ चे असतील तर उत्तम. सरमिसळ केली की आलेखात जे काही दिसेल ते पद्धतीचं असेल, दीर्घिकेचं नाही.

आता धातू कमी म्हणजे तरुण का? १९७२ मध्ये सर्ल आणि सार्जंट यांनी आय झ्विकी १८ चा वर्णपट काढला तेव्हा हा विचार स्वाभाविक होता: ही आत्ताच जन्मलेली दीर्घिका असेल. तीसेक वर्षं तो तग धरून होता. मग हबल दुर्बिणीच्या खोल प्रतिमांत तिच्यात लाल राक्षसी तारे सापडले, २००७ मध्ये ते पक्कं झालं आणि अंतरही सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षं ठरलं. लाल राक्षसी तारा व्हायला अब्जावधी वर्षं लागतात. म्हातारी दीर्घिका, फक्त गाठीला काही उरलं नाही.

गेलं कुठे? लिओ पी चं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. २०१३ मध्ये जाहीर झाली. आधी अरेसिबोच्या रेडिओ सर्वेक्षणात तिचा हायड्रोजन सापडला, तारे मागाहून. नावातला 'पी' म्हणजे 'प्रिस्टिन', अस्पर्श. तिच्यात आयनीभूत मेघ एकच, आणि तो पेटवणारा ओ वर्गाचा ताराही एकच. आजवर तिच्यात जेवढे तारे झाले त्यांनी किती ऑक्सिजन बनवला असेल याचा हिशोब २०१५ मध्ये मॅक्क्विन आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्यातला जेमतेम पाच टक्के आज तिच्यापाशी आहे. बाकीचा सुपरनोव्हांच्या धक्क्याने बाहेर गेला, कारण एवढ्या हलक्या दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवू शकत नाही. दीर्घिका जेवढी लहान तेवढे धातू कमी, हा नियम लेक्यू आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडला होता. त्यामागे ही गळतीच मोठ्या प्रमाणात आहे.

या हिशोबात वायू किती शिल्लक आहे हा आकडा लागतो, आणि तो ऑप्टिकलवाल्यांकडे नसतो. तो हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या रेडिओ रेषेतून येतो. इथे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कामाला आली आहे. तिथून झालेल्या 'फिग्ज' सर्वेक्षणात अशा साठाहून जास्त फिक्या अनियमित दीर्घिकांचा हायड्रोजन मोजला गेला. धातू अतिशय कमी असलेल्या दीर्घिकांचा हायड्रोजन जीएमआरटीने बघितला तेव्हा तो अनेक ठिकाणी विस्कटलेला, शेजारणीशी ओढाताण झालेला दिसला. त्यावरून एकता आणि चेंगलूर यांनी सुचवलं की अशा ठिकाणी बाहेरच्या कडेचा अस्पर्श वायू आत ओढला जाऊन मधला धातूंचा अंश पातळ होत असावा. रस्सा पातळ आहे म्हणजे मसाला कमी पडला असं नाही, पाणीही ओतलेलं असू शकतं.

विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागतो अशी आणखी एक गोष्ट. 'हबल पाच' मधला ऑक्सिजन 'हबल पाच' पेटवणाऱ्या ताऱ्यांनी बनवलेला नाही. मेघ एक कोटी वर्षांच्या आत विरतो. त्याचे वजनदार तारे फुटले तरी त्यांचा माल लाखो-कोटी अंशांच्या तप्त वायूत असतो, जो आपल्या रेषांत दिसतच नाही. तो गार होऊन पुन्हा मेघात मिसळायला दहा कोटी वर्षांसारखा काळ जातो. म्हणूनच एका बटू दीर्घिकेत या टोकापासून त्या टोकापर्यंत ऑक्सिजन जवळपास सारखा मिळतो. मोठ्या सर्पिल दीर्घिकांत मध्यापासून बाहेर उतरत जातो, इथे तसा उतार नाही. अपवाद एनजीसी ५२५३. तिच्या मध्यभागी नायट्रोजन आजूबाजूच्या तिपटीने आहे आणि ऑक्सिजन मात्र नेहमीचाच. वुल्फ-रायेट, म्हणजे आयुष्याच्या शेवटाकडच्या अतितप्त वजनदार ताऱ्यांचे वारे नायट्रोजन थेट बाहेर फेकतात, असा त्याचा अर्थ लावतात. तिथे स्लिटचा कोन बरोबर होता, हे मी तपासून पाहिलं आहे.

एक सावधगिरी. प्रश्नात 'तारे जन्मतात ते मेघ' म्हटलंय. आपण मोजतो तो तारे जन्मल्यानंतर पेटलेला वायू. ज्यातून तारे होतात तो थंड रेण्वीय मेघ वेगळा, आणि या दीर्घिकांत तो जवळजवळ अदृश्य असतो. हायड्रोजनचा रेणू गारठ्यात चमकत नाही, म्हणून त्याचा माग कार्बन मोनॉक्साइडवरून घेतात. पण धातू कमी, त्यामुळे धूळ कमी, त्यामुळे अतिनील किरण आतवर शिरून कार्बन मोनॉक्साइडचा रेणू फोडतात. सूर्याच्या सुमारे १३ टक्के धातू असलेल्या डब्ल्यूएलएम या दीर्घिकेत तो पहिल्यांदा २०१३ मध्ये सापडला, आणि २०१५ मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीने दाखवलं की तो अगदी छोट्या गाठींपुरताच उरलाय.

आता प्रकल्प. एनजीसी ६८२२ घ्या, 'हबल पाच' पासून सुरुवात करा. ती धनू राशीत आहे, मध्यरात्री सगळ्यात उंच येते जुलैत, म्हणजे सह्याद्रीत नेमकी मुसळधार पावसात. दसऱ्याच्या सुमारास ती संध्याकाळी सातला मध्यान्हवृत्तावर असते. अंधार पडल्यापासून हातात दोन-अडीच तास, तेवढेच. लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेहून ती बेचाळीस अंशांच्या वर जात नाही, पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीच्या वेधशाळेहून छप्पन्न अंशांपर्यंत जाते. सुरुवातीला स्लिट उत्तर-दक्षिण ठेवा आणि ती क्षितिजाला काटकोनात राहावी म्हणून दर अर्ध्या तासाने कोन फिरवा. पहिल्या रात्री ४३६३ ची रेषा गोंगाटाच्या पाचपट वर आली नाही, तर दुसऱ्या मेघावर न जाता दुसऱ्या रात्रीही तोच मेघ घ्या.